आंब्याचं तिरामिसू : कॉफी काढली की नक्की काय काढतो आपण?

सायसाखर

तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर लावलेला इटालियन गोड पदार्थ. गेल्या दीड महिन्यात तो कॉफीऐवजी आंबा घालून पाच वेळा केला. पहिल्या दोन वेळी जे झालं ते गोड होतं, पिवळं होतं, संपलंही. पण त्याला तिरामिसू म्हणवेना. तिसऱ्या खेपेपासून जमायला लागलं. मधे काय काय चुकलं ते इथे लिहून ठेवते, कारण बहुतेक पाककृतींत "कॉफीऐवजी आंब्याचा गर घ्या" एवढं एकच वाक्य असतं आणि सगळी गडबड त्या वाक्यातच आहे.

कॉफीचं तिरामिसू मी बरीच वर्षं करते. त्या सवयीने पहिल्यांदा कॉफीच्या जागी गाळलेला गर घेतला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. चार तासांनी तुकडा कापला तर बिस्किटाला बाहेरून पिवळा लेप आणि आतला गाभा पांढराफटक, कोरडा. चमच्याने दाबला की खडूसारखा भुगा होत होता. दुसऱ्या वेळी बिस्किटं गरात जास्त वेळ ठेवली. बाहेरचा भाग गाळ झाला, आत दाणा लागायचा तो लागलाच.

मग नीट विचार केला की कॉफी तिथे करते तरी काय. एक तर ती पाण्यासारखी पातळ असते. सवोयार्दी (लेडीफिंगर म्हणतो ती बिस्किटं) आतून सगळी जाळी असते. पातळ कॉफी त्या जाळीतून सेकंदभरात आत जाते. गर दाट, तंतुमय. तो जाळीच्या तोंडाशीच बसून राहतो. दुसरं म्हणजे कॉफी कडू असते. मास्कारपोनेत (क्रीमपासून केलेलं मऊ, दाट चीज) चाळीस टक्क्यांहून जास्त स्निग्धांश, त्यात बलक, त्यात साखर. एवढ्या जड गोडाला छेद द्यायचं काम कॉफी आणि कोको करतात. म्हणून दुसरा घास खावासा वाटतो. आंब्याकडे ना तो पातळपणा, ना तो कडवटपणा. कॉफी काढायची तर तिची ही दोन्ही कामं कुणाकडे तरी सोपवायला हवीत.

आता पाचव्या वेळचं प्रमाण. भांडं २० सेंमी चौकोनी, बिस्किटं साधारण २४.

भिजवायला १०० ग्रॅम गर, १५० मिली कोमट पाणी आणि दोन टेबलस्पून लिंबाचा रस एकत्र करून बारीक गाळणीतून गाळायचं. दुधाइतकं पातळ झालं पाहिजे. बिस्किट त्यात आडवं टाकून मनात एक-दोन म्हणायचं, उलटं करून पुन्हा एक-दोन. कॉफीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो.

क्रीमसाठी ३ बलक आणि ४५ ग्रॅम साखर डबल बॉयलरवर (उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या वाडग्यात) फेटायची. फिकट आणि घट्ट झालं की उतरवून पूर्ण गार करायचं. त्यात २५० ग्रॅम मास्कारपोने, मग वेगळं फेटलेलं २०० मिली क्रीम हलक्या हाताने. साखर कमी वाटेल, पण १०० ग्रॅम पिकलेल्या आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असतेच. ४०० ग्रॅम गर वापरला की त्याच्याबरोबर पन्नासेक ग्रॅम साखर आपोआप येते. पूर्वी मी क्रीममध्ये ७५ ग्रॅम घालायचे आणि ते घशाशी यायचं.

उरलेला ३०० ग्रॅम गर पसरट पॅनमध्ये मंद आचेवर आटवायचा, २०० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत. सतत ढवळायचं, खाली लागतो आणि लागला की चव गेलीच. गार झाल्यावर चिमूटभर मीठ आणि दोन पॅशनफ्रूटचा गर बियांसकट. हा गर क्रीममध्ये मिसळायचा नाही. तिसऱ्या वेळी मिसळला होता, क्रीम सैल पडलं आणि आंब्याची चवही पुसट झाली. बिस्किटांवर क्रीम, क्रीमवर या गराचा पातळ थर, मग पुन्हा बिस्किटं. वेगळा ठेवला की घासात क्रीम क्रीमसारखं लागतं आणि आंबा आंब्यासारखा.

किमान आठ तास फ्रीजमध्ये. वर लिंबाची किसलेली साल, तीही वाढतानाच.

एवढं करूनही काहीतरी कमी आहे असं मला अजून वाटतं. लिंबू आणि पॅशनफ्रूटमुळे आंबटपणा आला, जडपणा कापला गेला, पण कॉफी घशात मागे जो कडवटपणा ठेवून जाते तो नाही. कुणी कॉफी आणि आंबा एकत्र करून पाहिलंय का?

चुरचुर

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाचनखूण साठवली. गर वेगळ्या थरात ठेवायचं कधी सुचलंच नव्हतं, मी दर वेळी मिसळून टाकते.

काळीकॉफी

पाककृती छान आहे, मेहनत दिसते. तरी मनापासून सांगतो, कॉफी नसेल तर याला तिरामिसू म्हणू नये असं माझं मत आहे. इटलीतल्या त्रेव्हिसो शहराच्या 'ले बेकेरिए' रेस्टॉरंटमध्ये १९७२ साली हा पदार्थ मेनूवर आला. त्यात सहाच गोष्टी होत्या: सवोयार्दी, बलक, साखर, मास्कारपोने, कॉफी आणि कोको. नावाचा अर्थच 'मला वर उचल', म्हणजे तरतरी देणारा. ती तरतरी कॉफीची आहे. फळांचे थर लावलेला गोड पदार्थ म्हणजे ट्रायफल, आणि ट्रायफल हा स्वतंत्र, चांगला पदार्थ आहे. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी.

सायसाखर

काळीकॉफी, तुमचं म्हणणं पटतं, अर्ध्यापर्यंत. त्या सहा गोष्टींत क्रीम नाही आणि मद्यही नाही, तरी आज बहुतेक जण दोन्हींपैकी काहीतरी घालतात आणि तिरामिसूच म्हणतात. जन्मस्थानाबद्दलही वाद आहेच. शेजारचा फ्रिउली-व्हेनेत्सिया जूलिया प्रांत तो आपला म्हणतो आणि २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत त्याची नोंद त्या प्रांताच्या नावावर केली.

माझ्यापुरती कसोटी अशी: कोरडं जाळीदार बिस्किट पातळ द्रवात भिजून केकसारखं मऊ व्हायला हवं, आणि गोडाला कशाने तरी छेद मिळायला हवा. ट्रायफलमध्ये कस्टर्ड असतं, जेली असते, केकचे तुकडे असतात. तिथे भिजणं एवढं नेमकं नसतं. माझी पहिली दोन खरोखर ट्रायफल होती, ते मान्य.

काळीकॉफी

'छेद' हा मुद्दा चांगला आहे. याच्यावर विचार करतो.

रविवारची_न्याहारी

माझा अनुभव लिहिते, कारण तो आठवला की अजून वाईट वाटतं. आंबा नव्हता म्हणून ताजा अननस घेतला. बारीक तुकडे मधल्या थरात, रस भिजवायला. लावताना चाखलं तर अप्रतिम. घरी बारा माणसं जेवायला होती म्हणून आदल्या रात्रीच करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर कडेने पिवळट पाणी सुटलेलं, क्रीम दह्यासारखं फुटलेलं आणि चव कडू. सौम्य नाही, औषधासारखी कडू. क्रीम ताजं होतं, मास्कारपोनेचं पाकीट त्याच दिवशी फोडलेलं. सगळं टाकून द्यावं लागलं. माझं काय चुकलं?

उकळी

रविवारची_न्याहारी, तुमच्या हातून काही बिघडलं नाही, ते अननसाने केलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाची प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दुधाच्या प्रथिनांचे ती तुकडे करत राहतात आणि त्यातले काही तुकडे कडू लागतात. म्हणून लावताना चव छान आणि सकाळी कडू. फ्रीजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही; रात्रभर म्हणजे भरपूर वेळ मिळाला. प्रथिनांचा आधार गेला की क्रीम पाणीही सोडतं.

उपाय सोपा आहे. अननस शिजवून घ्यायचा. तुकडे त्यांच्याच रसात चार-पाच मिनिटं चांगले उकळले की विकरं निकामी होतात. डबाबंद अननस चालतो, कारण तो डब्यात उष्णता देऊनच भरलेला असतो. गोठवलेला मात्र चालत नाही, गोठवण्याने ही विकरं मरत नाहीत. पपई (पपेन) आणि किवी (अ‍ॅक्टिनिडिन) यांचंही हेच. जिलेटिन घालून सेट करायचं असेल तर ही फळं कच्ची घातल्यावर ते सेटच होत नाही, कारण जिलेटिन हेही प्रथिनच. अगर-अगर प्रथिन नाही, ते टिकतं. क्रीममधली दुधाची प्रथिनं मात्र तेव्हाही धोक्यातच.

आंब्याचा असा त्रास मला कधी झालेला नाही. आणि सायसाखर गर आटवतात, त्यामुळे तो प्रश्नच मिटतो.

रविवारची_न्याहारी

किती हायसं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षं क्रीमलाच दोष देत होते. शिजवून पुन्हा करते.

अबोली_२

माझ्या दोन शंका. घरात लहान मुलं आहेत, बलक डबल बॉयलरवर किती वेळ ठेवायचे? आणि अंडं अजिबात न घालता होईल का?

उकळी

वेळ मोजू नका, तापमान मोजा. फेटत फेटत ७२ अंश सेल्सिअसच्या थोडं वर न्या आणि उतरवा. साखर असल्यामुळे बलक लगेच गोठत नाहीत. वाडग्याचा तळ उकळत्या पाण्याला टेकता कामा नये, नुसती वाफ लागली पाहिजे. थर्मामीटर नसेल तर लहान मुलांसाठी बलक न घातलेलेच बरे, डोळ्यांच्या अंदाजावर सोडण्याची ही गोष्ट नाही.

सायसाखर

अबोली, बलकाशिवाय होतं. चौथ्या वेळी तसंच केलं होतं. मास्कारपोने २५०, क्रीम ३०० मिली, पिठीसाखर ४५ ग्रॅम. चव थोडी सपाट होते, पण आंब्याचा थर असल्यामुळे कॉफीच्या तिरामिसूत जाणवेल तेवढी जाणवत नाही. बिस्किटांचं पाकीट मात्र वाचून घ्या, सवोयार्दीत अंडं असतंच. अंडं अजिबातच नको असेल तर बिनअंड्याचा साधा स्पंज पातळ कापून ओव्हनमध्ये मंद आचेवर कडक वाळवून घ्यायचा. ताजा मऊ स्पंज घेऊ नका, भिजवला की त्याचा लगदा होतो.

मंद_आच

मास्कारपोने मिळत नाही किंवा परवडत नाही म्हणून कुणी थांबू नका, घरी होतं. अर्धा लिटर क्रीम घ्या, ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांशाचं. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत न्या; कडेला बारीक बुडबुडे येतात पण उकळी फुटत नाही, ती वेळ. त्यात टेबलस्पूनभर लिंबाचा रस घालून चार-पाच मिनिटं त्याच आचेवर हळूहळू ढवळा. पनीरसारखं फाटेल असं वाटतं, तसं होत नाही. फक्त दाट होतं, चमच्याच्या पाठीवर जाडसर साय धरतं. गार करून दुहेरी मलमलीच्या कपड्यात बांधून, चाळणीवर ठेवून, फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी खाली थोडंसंच पाणी निघतं. ते बघून फसलंय असं समजू नका, कपड्यातला गोळा घट्ट असतो. दोन-तीन दिवसांत वापरून टाका.

एक विचारायचं होतं. सायसाखर, तुमचं मास्कारपोने कधी फुटलं नाही का? माझं आंब्याच्या वेळीच दोनदा दाणेदार झालं.

सायसाखर

फुटलंय, दुसऱ्या वेळी. मास्कारपोने फ्रीजमधून थेट काढलेलं आणि बलकाचं मिश्रण अजून कोमट. कॉफीच्या वेळी मी ते नीट गार करते. आंब्याच्या वेळी गर आटवण्यात लक्ष होतं, इकडे घाई झाली. दोन्ही साधारण सारख्या तापमानाची हवीत. आणि हँड मिक्सर मास्कारपोनेवर चालवायचाच नाही. आधी एकट्यालाच चमच्याने घोटून मऊ करायचं, मग स्पॅच्युलाने मिसळायचं. नुकतं दाणेदार व्हायला लागलं असेल तर न फेटलेलं गार क्रीम दोन-तीन चमचे घालून हातानेच हळू फिरवा, बऱ्याचदा सावरतं. पाणी वेगळं होऊन लोण्याचे कण दिसले तर ते परत येत नाही.

दोन_चमचे

सायसाखर ताई, तुम्हाला जो कडवटपणा कमी वाटतोय त्यासाठी कोरा चहा करून बघा. काळा चहा, दूध-साखर काही नाही. कॉफीचा कडवटपणा आंब्याच्या अंगावर येतो. मी एकदा कडक एस्प्रेसोत बिस्किटं भिजवून वर आंबा लावला होता, तर आंबा फक्त रंगाला उरला. चहाचा तुरटपणा जिभेच्या कडांना लागतो आणि बाजूला होतो, आंब्याचा वास तसाच राहतो. तुमच्या भिजवायच्या मिश्रणात पाण्याच्या जागी चहा घ्या. पातळपणाचं कामही तोच करेल.

काळीकॉफी

दोन_चमचे, एस्प्रेसोबद्दल सहमत. पण गडद भाजणीच्या कॉफीवरून सगळ्या कॉफीला बाद करू नका. हलक्या भाजणीच्या कॉफीत मुळातच फळांसारखा आंबटपणा असतो. मी काल छोट्या वाटीत करून पाहिलं: हलक्या भाजणीची पूड, गार पाण्यात फ्रीजमध्ये बारा तास, मग गाळून. फक्त तळाच्या थराची बिस्किटं त्यात, वरची सायसाखर यांच्या पातळ गरात. आंबा आधी लागतो, कॉफी शेवटी येते. उलट केलं, म्हणजे कॉफी वर आणि आंबा खाली, तर आंबा हरवला. अननसाबरोबर मात्र गडद कॉफीच चांगली वाटते; अननसाचे तुकडे पॅनमध्ये तांबूस होईपर्यंत परतले की त्यांना कॅरॅमलसारखी चव येते आणि ती कडू कॉफीला तोंड देते. परतताना विकरंही जातील, नाही का उकळी?

उकळी

तुकडे आतपर्यंत गरम व्हायला हवेत. नुसता बाहेरून रंग आला आणि मधे कच्चं राहिलं तर विकरं शिल्लक राहतात. लहान तुकडे करून, आधी झाकण ठेवून एक वाफ काढा, मग झाकण काढून परता.

निळी_वाटी

वर कोको भुरभुरवायचा की नाही? मी आंब्याच्या फोडींवर घातला तर अर्ध्या तासात त्याचा चॉकलेटी चिखल झाला, फोटो काढायच्याही लायकीचा राहिला नाही. आणि भांडं गाडीतून तासभर न्यायचं असेल तर?

सायसाखर

निळी_वाटी, ओल्या फळावर कोको कधीच नको. पिकलेल्या आंब्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते कोको शोषून घेतो. सगळ्यात वर क्रीमचा थर ठेवून त्यावर वाढायच्या वेळी घातलात तर बसतो. सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस भाजून घातलं तरी छान लागतं, आणि कोकोची थोडी उणीव भरून काढतं. तेही वाढतानाच, नाहीतर मऊ पडतं. न्यायचं असेल तर आठ तास सेट झालेलंच न्या, भांड्याखाली बर्फाची पाकिटं ठेवा, आणि वरच्या फोडी, साल, खोबरं वेगळ्या डब्यांत. मी दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवत नाही. तिसऱ्या दिवशी तळाची बिस्किटं पाणावतात.

चहाचं या रविवारी करते. काळीकॉफींची दुपदरी पद्धतही अर्ध्या भांड्यात करून बघते.

रविवारची_न्याहारी

अननस शिजवून केलं! तुकडे रसात पाच मिनिटं उकळले, रस वेगळा काढून गार केला, त्यात लिंबू पिळून बिस्किटं भिजवली. छत्तीस तास झाले, क्रीम जसंच्या तसं आहे आणि कडवटपणाचा मागमूस नाही. पाणी नावापुरतं सुटलं, तेही मी तुकडे नीट निथळले नाहीत म्हणून. उकळी, मनापासून आभार.

सायसाखर

सहावी वेळ, आजच कापलं. एकाच भांड्यात मधे पुठ्ठ्यावर फॉइल गुंडाळून उभी केली आणि दोन भाग केले.

चहाचा भाग: दीडशे मिली पाण्यात दोन चमचे चहापत्ती, चार मिनिटं, मग गाळून. त्यात गर आणि लिंबू. पहिल्यांदा पत्ती सात मिनिटं ठेवली होती, ते ओतून दिलं. इतकं तुरट झालं की जीभ कोरडी पडली. चार मिनिटं बरोबर. गर घातल्यावर रंग गढूळ होतो, दिसायला चांगला नाही, पण कापल्यावर तळाचा थर मधासारखा तपकिरी दिसतो. दोन_चमचे, तुम्ही म्हणालात तसंच: घास संपल्यावर जिभेच्या कडांना किंचित ओढ लागते आणि पुन्हा चमचा जातो. पॅशनफ्रूट इथे एकच पुरे झालं, दोन घातली असती तर आंबट आणि तुरट एकावर एक चढलं असतं.

कॉफीचा भाग: तळाला गार कॉफी, वर पातळ गर. हा मी घरच्यांना काही न सांगता दिला. आईने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "यात आंब्याच्या सालीचा वास कसा काय आला?" मी परत चाखलं तर खरंच, हलक्या भाजणीची कॉफी आणि आंबा मिळून सालीजवळच्या गरासारखा थोडा उग्र, थोडा फुलासारखा वास येतो. मला तो फार आवडला, आईला नाही.

काळीकॉफी, कॉफीच्या बाजूची बिस्किटं मी जरा जास्त बुडवली, तळाशी चमचाभर द्रव साचला. पुढच्या वेळी एकाच बाजूने बुडवून भिजलेली बाजू वर ठेवणार आहे. तुमच्या वाटीत बिस्किटं किती सेकंद होती ते लिहाल का?

काळीकॉफी

एक सेकंद, एकच बाजू, आणि लगेच भांड्यात. गार कॉफी गरमपेक्षा हळू शिरते म्हणून मीही आधी तीन सेकंद ठेवली होती, तळाशी तसंच साचलं. भिजलेली बाजू वरच ठेवा; रात्रभरात ओल आपसूक खाली उतरते.

आणि आईंना चहाचंच द्या.